पाच ट्रान्झिस्टर आणि एक उलटा डायोड: खारपाणपट्ट्यातल्या पाण्याच्या टाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातलं हे एक गाव. पिण्याचं पाणी प्रादेशिक योजनेतून येतं. धुणंभांडी, गुरंढोरं, बांधकाम यांना लागणारं वापराचं पाणी मात्र गावातल्याच विहिरीचं आणि चवीला खारट. विहिरीवर पाच एचपीची थ्री-फेज सबमर्सिबल मोटर आहे, पंपघरात डीओएल, म्हणजे मोटरला थेट लाईन जोडणारा स्टार्टर आहे आणि साठेक मीटरवर उंच टाकी.

पाणी सोडण्याचं काम करणारे काका रात्री दोनला लाईन आली तरी उठून मोटर लावायचे आणि टाकी भरेपर्यंत तिथेच बसून राहायचे. डोळा लागला की टाकी वाहायची आणि खालच्या काळ्या मातीत सकाळी बैलगाडीचं चाक रुतायचं. म्हणून ग्रामपंचायतीने गावातल्याच, आयटीआय झालेल्या एका तरुण वायरमनकडून टाकीचा ‘ऑटो’ बनवून घेतला. टाकी भरली की मोटर आपोआप बंद, पातळी उतरली की आपोआप चालू.

सर्किट अगदी साधं होतं. १२-०-१२ चा ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, दोन १एन४००७ डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारे), १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टचा, ४०० ओहम कॉइलचा छोटा चौकोनी रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने संपर्क उघडणारा-जोडणारा स्विच. टाकीच्या काठाजवळ तांब्याच्या दोन तारा सोडलेल्या, एक सप्लायच्या प्लसला आणि दुसरी थेट ट्रान्झिस्टरच्या बेस या पायाला. पाणी दोन्हींना लागलं की बेसला करंट मिळतो, ट्रान्झिस्टर चालू होतो, म्हणजे त्याच्या कलेक्टर आणि एमिटर या बाकीच्या दोन पायांमधली वाट जुळते, आणि रिले ओढला जातो. त्याचा एरवी जुळलेला संपर्क, म्हणजे एनसी, स्टार्टरच्या कॉइलच्या वाटेत होता. तो उघडला की मोटर बंद. पातळी उतरली की तोच संपर्क मोटर पुन्हा लावायचा, कारण त्यासाठी स्टार्टरचं हिरवं बटण कायमचं जोडून टाकलं होतं.

अडचण

अकरा दिवस सगळं सुरळीत चाललं. बाराव्या दिवशी टाकी रिकामी असूनही मोटर लागेना, रिले ओढलेलाच होता. ट्रान्झिस्टर काढून मल्टिमीटर लावला तर कलेक्टर-एमिटरमध्ये सरळ बीप वाजला, म्हणजे आतून शॉर्ट. चांगल्या बीसी ५४७ मध्ये डायोडच्या खुणेवर बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर दोन्हीकडे ०.६५ ते ०.७ च्या आसपास आकडा येतो आणि कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी उघडं दिसतं.

दोन-तीन रुपयांचा भाग. बदलला आणि काम सुरू झालं. फेब्रुवारी ते मे या काळात असे पाच ट्रान्झिस्टर गेले.

दुसरा गेल्यावर ‘जास्त ताकदीचा’ म्हणून प्लॅस्टिकचा २एन२२२२ बसवला. बीसी ५४७ ची सपाट बाजू समोर धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे पाय येतात. प्लॅस्टिकच्या २२२२ मध्ये बहुधा उलटा क्रम असतो, एमिटर, बेस, कलेक्टर. बाजारात दोन्ही क्रमांचे मिळतात, त्यामुळे नुसत्या छापील नंबरावर विसंबून चालत नाही. इथे तो त्याच भोकांत बसला आणि उलटा जोडला गेला. बेस-एमिटर जोड उलट्या दिशेने सहा-सात व्होल्टलाच वाहू लागतो. त्यामुळे पाणी लागो न लागो, रिलेच्या कॉइलला लाईनप्रमाणे आठ ते बारा व्होल्ट मिळत राहिले. रिले कधी ओढलेला, कधी सुटलेला. ‘हा ट्रान्झिस्टरच डुप्लिकेट’ असा निष्कर्ष निघाला.

चौथ्या वेळी कुणीतरी सांगितलं की कॉइलला समांतर डायोड लागतो. लावला, पण पांढरी पट्टी, म्हणजे करंट बाहेर पडण्याची बाजू, कलेक्टरकडे करून. अशा उलट्या डायोडमधून ट्रान्झिस्टर चालू होताच प्लसपासून मायनसपर्यंत सरळ वाट मिळते. मध्ये कॉइलही नाही, रेझिस्टरही नाही. पाणी तारांना लागताक्षणी ट्रान्झिस्टर फुटला. मग डायोडच काढून टाकला आणि पाचवा बीसी ५४७ पुन्हा उघडाच बसला. या प्रकरणातलं सर्वांत महाग पाऊल हेच होतं. उपाय बरोबर होता, फक्त त्याची दिशा चुकली होती, आणि तो चुकीचा समजून फेकला गेला.

मे महिन्यात पाचवा गेला. लग्नाचा सीझन, गावात पाहुणे. रिलेच्या एनसी संपर्काला वायरचा तुकडा लावून ऑटो ‘बायपास’ केला गेला. त्या रात्री टाकी वाहिली, विहिरीची पातळी मोटरखाली गेली आणि मोटर कोरडी चालून जळाली. रिवाइंडिंग होऊन मोटर परत विहिरीत उतरेपर्यंत गावाला वापराचं पाणी नव्हतं. उन्हाळ्यात गुरांना पाजायला पाणी नसणं म्हणजे काय, हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तपास

ग्रामसेवकांनी तालुक्याच्या आयटीआयमधल्या एका अनुभवी निदेशकांना बोलावलं. त्यांनी बोर्डाला हात लावण्याआधी काकांना विचारलं, ‘ऑटो जातो तेव्हा नेमकं काय चाललेलं असते?’ काका म्हणाले, ‘टाकी भरत आली का आतून टक-टक-टक आवाज येते जी, मंग दुसऱ्या दिवशी बंद.’ वायरमनचा रोख तोवर ‘लाईन वर-खाली होते’ यावर होता. पण पाचही वेळा ट्रान्झिस्टर टाकी भरण्याच्या सुमारास गेला होता, लाईन येण्या-जाण्याच्या वेळी नाही. उलगड्याचं अर्धं काम या एका उत्तराने झालं.

नंतर मोजमाप. रात्री लाईन २५५ व्होल्ट होती. रिले सुटलेला असताना कपॅसिटरवर २०.४ व्होल्ट डीसी, ओढलेला असताना १८.९. म्हणजे १२ व्होल्टच्या कॉइलमध्ये ३० च्या जागी ४७ मिलिअँपिअर. कॉइल ०.३६ वॅटऐवजी ०.९ वॅट खात होती, बोट टिकू नये इतकी गरम. बीसी ५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअरची आहे, त्यामुळे नुसत्या या करंटने तो मरत नाही. हे आधी बाजूला काढणं गरजेचं होतं, नाहीतर ‘मोठा ट्रान्झिस्टर लावा’ हा सल्ला फिरून फिरून आला असता.

खरं कारण दाखवायला ऑसिलोस्कोप नव्हता. निदेशकांनी लाईन टेस्टर उघडून त्यातला निऑनचा दिवा त्याच्या रेझिस्टरसकट रिलेच्या दोन टोकांना जोडला. ट्रान्झिस्टर काढून ठेवला. कॉइलचं एक टोक प्लसला होतंच, दुसऱ्या टोकाची इन्सुलेशन असलेली वायर मायनसला टेकवली. रिले ‘टक’ करून ओढला, निऑन अंधारा. वायर उचलली आणि त्याच क्षणी निऑनमध्ये नारिंगी ठिणगी चमकून गेली. पुन्हा टेकवली, उचलली, पुन्हा चमक. निऑन पेटायला साधारण ६० ते ९० व्होल्ट लागतात आणि सर्किटमध्ये होते वीसच.

‘सर, मंग हे बाकीचे व्होल्ट आले कुठून?’ वायरमनने विचारलं.

ते कॉइलमधूनच आले. कॉइलमधला करंट एकदम थांबत नाही. वाट तोडली की साठलेलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि तो करंट चालू ठेवण्यासाठी लागेल तितकं व्होल्टेज कॉइल स्वतः उभं करते, उलट्या दिशेने. ट्रान्झिस्टर बंद होतो तेव्हा हा सगळा झटका त्याच्या कलेक्टरवर येतो. बीसी ५४७ ची कलेक्टर-एमिटर मर्यादा ४५ व्होल्टची. प्रत्येक झटक्यातली ऊर्जा थोडी असते, म्हणून ट्रान्झिस्टर काही झटके पचवतो. म्हणूनच तो पहिल्या दिवशी न मरता अकराव्या दिवशी मरतो आणि म्हणूनच संशय भलतीकडे जातो.

झटक्यांची संख्या एवढी का, याचं उत्तर टाकीवर चढल्यावर मिळालं. इनलेटचा पाइप तारांपासून जेमतेम एक फुटावर पडत होता. लाटेबरोबर तारा भिजत आणि उघड्या होत. टाकी काठाला आली की रिले मिनिटाला कितीतरी वेळा ओढला-सोडला जाई. प्रत्येक सोडण्याला एक झटका, आणि मोटरलाही तितक्याच वेळा स्टार्ट.

वर तिसरी गोष्टही दिसली. प्लसची तार हिरवी पडून सुईएवढी झिजली होती. १२.६ व्होल्ट एसी, १ किलो-ओहम रेझिस्टर आणि विहिरीच्या पाण्याच्या बादलीत ठेवलेले प्रोब (पाण्यात सोडायच्या तारा) अशा जोडणीत प्रोबवर ५.२ व्होल्ट आले, रेझिस्टरवर ७.४. म्हणजे पाण्याचा रोध सुमारे ७०० ओहम. पिण्याच्या नळाच्या पाण्यात त्याच अंतरावर तो ५ किलो-ओहमच्या आसपास होता. (हे मोजायला मल्टिमीटरची ओहमची खूण वापरू नये. तिच्या डीसीने प्रोबवर थर बसतो आणि आकडा सरकत राहतो.) बेसला रेझिस्टरच नसल्याने या खाऱ्या पाण्यातून टाकी भरलेली असेपर्यंत वीस-पंचवीस मिलिअँपिअर डीसी वाहत होता. त्यात तांबं विरघळणारच. गोड्या पाण्याच्या गावात हेच सर्किट कदाचित वर्षभर ओढलं असतं.

पर्याय

पहिला पर्याय फक्त डायोड नीट लावण्याचा. खर्च एक-दोन रुपये. ट्रान्झिस्टर वाचला असता, पण टक-टक, मोटरचे वारंवार स्टार्ट आणि झिजणारी तार तशीच राहिली असती.

दुसरा, तयार फ्लोट स्विच. चांगला आणि साधा पर्याय आहे. मात्र साठ मीटर दूर उंच टाकीवर स्टार्टरचा ४१५ व्होल्टचा पुरवठा वायरने नेणं निदेशकांना मान्य नव्हतं. फ्लोट वापरायचा तर तो १२ व्होल्टच्या सर्किटमध्येच घालावा, असं त्यांचं मत होतं.

तिसरा पर्याय एका दुकानदाराने सुचवलेला स्वस्त तयार बोर्ड. त्यात ट्रान्सफॉर्मर नव्हता, कपॅसिटर मालिकेत घालून सरळ लाईनमधून व्होल्टेज उतरवलेलं होतं. असा सप्लाय लाईनपासून वेगळा नसतो. प्रोब पाण्यात म्हणजे फेज पाण्यात. हा पर्याय तिथल्या तिथे नाकारला गेला आणि कुठल्याही गावाने तो नाकारलाच पाहिजे.

चौथा, दोन पातळ्यांचे प्रोब लावून पूर्ण ऑटो: वरच्या पातळीला बंद, खालच्या पातळीला चालू. तांत्रिकदृष्ट्या सुरेख. पण उन्हाळ्यात विहिरीत पाणी आहे की नाही हे टाकीतल्या प्रोबला कळत नाही. मोटर नुकतीच कोरडी जळाली होती.

शेवटी ठरलं ते पाचवं. बंद ऑटोने करावं, चालू माणसाने. काकांना रात्री उठावं लागेल, पण विहीर पाहून बटण दाबायचं आणि घरी जाऊन झोपायचं. सरपंच ताईंनी आधी पूर्ण ऑटोचाच आग्रह धरला होता. काकांनी स्वतः ‘बसायचं वाचलं तरी लय झालं’ म्हटल्यावर निर्णय झाला.

केलेली कामं

हिरवं बटण मोकळं करून स्टार्टर मूळ पद्धतीवर आणला. बोर्डाला लाईन स्टार्टरच्या मोटरकडच्या बाजूने दिली. त्यामुळे मोटर चालू तरच बोर्ड चालू. टाकी भरली की रिले ओढतो, स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (मोटरची लाईन जोडणारा मोठा स्विच) सुटतो, बोर्डही बंद पडतो आणि मोटर पुन्हा लागायला बटणच दाबावं लागतं. कपॅसिटरमधल्या साठ्यावर रिले आणखी क्षणभर धरून राहतो, तेवढ्यात कॉन्टॅक्टर पूर्ण सुटलेला असतो. या एका जोडणीने टक-टक संपली आणि प्रोबमधून करंट वाहण्याचा काळ तासांवरून सेकंदावर आला.

ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा घेतला, कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड पण ५० व्होल्टचा, पुढे स्थिर १२ व्होल्ट देणारा ७८१२ रेग्युलेटर छोट्या हीटसिंकवर, त्याच्या दोन्ही बाजूंना ०.१ मायक्रोफॅरड. लाईन १६० व्होल्टपर्यंत पडली तरी रेग्युलेटरच्या तोंडाशी साडेतेरा व्होल्ट राहतात आणि २७० ला गेली तरी रिलेला बाराच मिळतात. जुना २५ व्होल्टचा कपॅसिटर इथे ठेवला असता तर रात्रीच्या चढ्या लाईनला फुटला असता.

डायोड १एन४००७, पांढरी पट्टी प्लसकडे, रिलेच्या पायांवरच सोल्डर केलेला. वायरमनकडूनच तो लावून घेतला आणि पुन्हा निऑनची चाचणी केली. वायर टेकवली, उचलली, निऑन अंधाराच राहिला. आता कॉइलचा करंट डायोडमधून गोल फिरून विझतो आणि कलेक्टरवर सप्लायपेक्षा जेमतेम ०.७ व्होल्ट जास्त येतं. रिले सुटायला काही मिलिसेकंद जास्त लागतात, इथे त्याने काही बिघडत नाही.

बेसला ६.८ किलो-ओहम मालिकेत. ७०० ओहम पाणी धरून साधारण दीड मिलिअँपिअर येतो. रिलेला ३० मिलिअँपिअर हवेत आणि बीसी ५४७ चा गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून वाहतो तो आकडा, कमीत कमी ११० धरला तरी ०.२७ पुरतो. पाचपट जास्त दिल्याने ट्रान्झिस्टर पूर्ण ओढला जातो, अर्धवट तापत राहत नाही. बेस ते एमिटर २.२ किलो-ओहम. हा रेझिस्टर बरेच जण सोडून देतात. ओल्या जोडातून ५० किलो-ओहमची गळती झाली तर त्याच्यामुळे बेसवर ०.४५ व्होल्टच येतं आणि ट्रान्झिस्टर झोपलेलाच राहतो. उन्हाळ्यात डब्याच्या आत साठ अंश होतात आणि ट्रान्झिस्टर जागं व्हायचं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं, तेही या हिशेबात बसतं. त्याच रेझिस्टरला समांतर ४७० मायक्रोफॅरड, म्हणजे पाव सेकंदाहून छोट्या शिंतोड्याकडे दुर्लक्ष.

प्रोब स्टेनलेस स्टीलच्या ३०४ प्रतीच्या सळ्या, दोन इंची पीव्हीसी पाइपमध्ये. पाइपला खाली भोकं आणि वर हवेसाठी एक भोक, इनलेटपासून टाकीच्या दुसऱ्या टोकाला. पाइपच्या आत लाट शिरत नाही, पातळी संथपणे चढते.

राहिला स्टार्टर. त्याची कॉइल ४१५ व्होल्टची होती आणि रिलेचा संपर्क २५० व्होल्टचा. तो काळा पडला होता. कॉइल बदलून २३० व्होल्टची, फेज-न्यूट्रलवर घेतली आणि तिला समांतर १०० ओहम व ०.१ मायक्रोफॅरडची जोडी लावली. या बदलाचा एक तोटाही होता. दोन फेजवरची कॉइल त्यांतला एक गेला तर सुटते, फेज-न्यूट्रलवरची बाकीचे दोन फेज गेले तरी धरून राहते. म्हणून त्याच वेळी सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा) बसवला आणि ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटर तोडणारा) मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावून घेतला. प्रिव्हेंटरशिवाय हा बदल केला असता तर एक मोटर वाचवून दुसरी जाळण्याची सोय झाली असती.

निष्पत्ती

बोर्ड जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला. दिवाळीपर्यंत ट्रान्झिस्टर, रिले, रेग्युलेटर यांतलं काहीही बदलावं लागलं नाही. टाकी वाहिली नाही.

एकदाच तक्रार आली, ऑगस्टच्या झडीत. टाकी अर्धी असतानाच मोटर बंद पडू लागली. टाकीच्या पायथ्याशी वायरचा एक जोड नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला होता. प्रोब सोडवून त्या वायरींतली गळती मोजली तर १८ किलो-ओहम निघाली. एवढ्या गळतीला २.२ किलो-ओहमचा रेझिस्टर पुरत नाही, बेसवर जागं होण्याइतकं व्होल्टेज येतं. जोड सोल्डर करून श्रिंक ट्यूब घातली, डबा जमिनीपासून उचलून घेतला आणि तक्रार थांबली. बायपासची वायर या वेळी कुणी लावली नाही, काकांनी दोन दिवस बसून टाकी भरली.

दिवाळीत सळ्या काढून पाहिल्या. प्लसच्या सळीवर टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत, दुसरी स्वच्छ. दर सहा महिन्यांनी दोन्हींची अदलाबदल करायचं ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

दुसरा ट्रान्झिस्टर गेला तेव्हाच थांबायला हवं होतं. एक भाग एकदा जाणं योगायोग असू शकतो, त्याच जागी तोच भाग त्याच रीतीने दुसऱ्यांदा शॉर्ट होणं म्हणजे बाहेरून काहीतरी त्याला मारतंय. तारीख, वेळ, टाकीची पातळी आणि लाईनचं व्होल्टेज एवढ्या चार गोष्टी पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहिल्या असत्या तरी मोटर जळायच्या आधी ‘टाकी भरताना’ हे साम्य दिसलं असतं.

उलट्या डायोडचा अपघात टाळणं सोपं होतं. नवा बोर्ड पहिल्यांदा चालवताना प्लसच्या वाटेत १०० मिलिअँपिअरचा फ्यूज किंवा १२ व्होल्टचा छोटा दिवा घालावा. दिवा भगभगीत पेटला तर कुठेतरी सरळ वाट आहे, आणि ट्रान्झिस्टर अजून शाबूत असतो.

नव्या रचनेतही एक उणीव आहे. बोर्ड मेला, ट्रान्सफॉर्मर जळाला किंवा रेग्युलेटर गेला तर रिले ओढलाच जात नाही, एनसी संपर्क जुळलेलाच राहतो आणि मोटर चालत राहते. यावर दुसरा बीसी ५४७ लागतो. पहिल्याच्या कलेक्टरला प्लसकडून ४.७ किलो-ओहम द्यायचा आणि तोच बिंदू दुसऱ्याच्या बेसला जोडायचा. रिले दुसऱ्याच्या कलेक्टरवर, त्याचा डायोड तसाच. टाकी रिकामी असेल तर रिले ओढलेला, भरली की सुटलेला. रिलेचा एरवी उघडा असलेला एनओ संपर्क स्टार्टरच्या होल्डिंगच्या, म्हणजे बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर धरून ठेवणाऱ्या वाटेत घालायचा. हिरवं बटण दाबलं की बोर्डाला लाईन मिळते, बोट बटणावर असतानाच रिले ओढतो आणि होल्डिंग पूर्ण होतं. बोर्ड मेला असेल तर बोट काढताच मोटर बंद. टाकीकडची वायर तुटली तर मात्र ही रचनाही फसते, त्यामुळे महिन्यातून एकदा पंपघरात प्रोबच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून आणि टाकीवर पाइपमध्ये तांब्याभर पाणी ओतून मोटर सुटते का, हे पाहणं आलंच.

या दुसऱ्या रचनेचा बोर्ड वायरमनने स्वतः बनवून महिनाभर पंपघरातच बाजूला, मोटरऐवजी ४० वॅटच्या बल्बवर चालवून पाहिला आहे. डायोडची पट्टी कुठे आणि ट्रान्झिस्टरचे पाय कोणत्या क्रमाने, हे त्याने ऑइल पेंटने स्टार्टरच्या डब्याच्या झाकणाच्या आतून रंगवून ठेवलंय.